घरबसल्या पदवी : खर्चाचा खरा हिशेब

दहावी व बारावीचे निकाल लागले म्हणजे शाळेत पालकांची जी वर्दळ सुरू होते, तीत अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येतो. पूर्वी पालक विचारीत, मुलास कोणत्या कॉलेजात घालावे? आता ते विचारतात, कॉलेजात घालावेच कशाला? पदवी जर मोबाइलवर घरबसल्या मिळते, आणि तीही थोडक्या फीमध्ये, तर नागपुरात खोली घेऊन देण्यात व खाणावळीचे पैसे भरण्यात काय हशील? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून ज्यांची मुले शिक्षणासाठी येथे येतात, त्यांस तर हा प्रश्न फारच जवळचा वाटतो. प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारणाऱ्यास कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असा दृष्टांत शुभवर्तमानात आहे. तो शिक्षणासही लागू पडतो. मात्र हिशेब करावयाचा तर तो पुरता करावा, म्हणजे खर्च किती हे जसे पाहावे तसेच तो कोणाच्या खिशातून जातो हेही पाहावे. तेवढ्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

उच्च शिक्षण महाग का होत जाते, येथूनच आरंभ करू. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली. आता ती बंद पडली आहे. परंतु तिच्या हयातीत सूतगिरणीची यंत्रे एवढी सुधारली की, पूर्वी अनेक मजुरांस जे सूत काढावयास दिवस लागे ते पुढे थोडे मजूर काही तासांत काढू लागले. त्यामुळे मजुरी वाढली तरी कापड त्या मानाने महागले नाही. आता शिक्षकाकडे पाहा. मुलांचे चाळीस निबंध नीट वाचून, चुका दाखवून परत द्यावयास त्या काळच्या शिक्षकास जितके तास लागत, तितकेच आजच्या शिक्षकास लागतात. त्याचा वेग वाढत नाही. पगार मात्र इतरांच्या बरोबरीने वाढवावा लागतो, नाहीतर त्या धंद्यात कोणी येणार नाही. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने बोवेन नावाच्या सहकाऱ्याबरोबर १९६६ साली हा नियम नाटक व संगीत या कलांच्या बाबतीत मांडला. चार वादकांनी वाजवावयाची रचना कितीही घाई केली तरी दोन वादकांत आटोपत नाही. वर्गाचेही तसेच. म्हणून शिक्षणाचा खर्च कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात शेवटी एकच विचार येतो, तो हा की, एका शिक्षकाचा पाठ चाळिसांऐवजी चाळीस हजारांस ऐकविता येईल काय?

हा विचार संगणकाबरोबर जन्मास आला असे पुष्कळांस वाटते. वास्तविक तो टपालाबरोबर जन्मास आला. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचे स्वस्त टपाल सुरू झाले, आणि आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास त्याच सुमारास आरंभ केला. शिकणाऱ्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडावा, आणि त्यावर दुरुस्त्या होऊन तो परत त्याच्या हाती यावा, अशी ती रीत होती. पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कोठेही शिकलेल्या उमेदवारास मोकळ्या केल्या. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही आपली तीन जुनी विद्यापीठे लंडनच्याच नमुन्यावर उभारलेली होती. ती आरंभी स्वतः शिकवीत नसत. परीक्षा घेत आणि पदव्या देत.

या गोष्टीचे उत्तम उदाहरण आपल्या गावातच आहे. स्कॉटिश मिशनने १८८३ साली येथे हिस्लॉप कॉलेज काढले, तेव्हा नागपुरास विद्यापीठ नव्हते. ते १९२३ साली झाले. तोपर्यंत येथील विद्यार्थी आरंभी कलकत्ता विद्यापीठाच्या व पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांस बसत. कलकत्ता येथून रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर. म्हणजे चाळीस वर्षे नागपूरचा पदवीधर हा एका अर्थी दूरच्या विद्यापीठाचाच पदवीधर होता, आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. परंतु त्या व्यवस्थेत दूर काय होते याकडे लक्ष द्यावे. प्रश्नपत्रिका काढणारा दूर होता. शिकविणारा मात्र त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर होता. विद्यार्थ्याचे नाव, त्याचे गाव, त्याची अडचण त्यास ठाऊक होती. आजच्या घरबसल्या पदवीत नेमका शिक्षकच दूर जातो. हा फरक पुढील सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे.

शिक्षकास दूर ठेवून शिकविण्याचा सरकारी प्रयत्न आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढून केला. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाची स्थापना १९६९ साली झाली व शिकविणे १९७१ च्या जानेवारीत सुरू झाले; छापील पाठ, रेडिओ व दूरचित्रवाणी यांचा त्यात उपयोग करीत. त्याचे अनुकरण होऊन हैदराबादेस १९८२ साली, दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, आणि नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. शेवटच्या दोन्ही विद्यापीठांची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत, हे पालकांनी लक्षात ठेवावे. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्राध्यापक राम ताकवले हे होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद आहे.

आता हिशेबास लागू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही संस्थेचे नाहीत.

समजा, कॉलेजात साठ विद्यार्थ्यांचा एक वर्ग चालविण्यास वर्षाला बारा लाख रुपये लागतात. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे वीस हजार. विद्यार्थी सहाशे झाले तर वर्ग दहा लागतील, शिक्षकही दसपट लागतील, आणि दरडोई खर्च वीस हजारच राहील. दुसऱ्या बाजूस एक दूरस्थ अभ्यासक्रम घ्या. त्याचे पाठ लिहविणे, चित्रफिती काढणे, संगणकावर चढविणे यास आरंभीच साठ लाख रुपये लागले. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याचे गृहपाठ तपासणे व परीक्षा घेणे यास दोन हजार लागतात. साठच विद्यार्थी आले तर दरडोई खर्च एक लक्ष दोन हजार, म्हणजे कॉलेजाच्या पाचपट. सहाशे आले तर बारा हजार. सहा हजार आले तर अवघे तीन हजार! तीनशेचौतिसावा विद्यार्थी दाखल झाला की हा अभ्यासक्रम कॉलेजापेक्षा स्वस्त पडू लागतो, आणि त्यापुढे तो स्वस्तच होत जातो. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही की, दूरस्थ शिक्षण हे थोड्यांसाठी अतिशय महाग व पुष्कळांसाठी स्वस्त असते. म्हणून अशा संस्थांस संख्येची भूक असते, आणि जाहिराती एवढ्या मोठ्या असतात. दुसरी ही की, संस्थेस अधिक काटकसर करावीशी वाटली तर हात कोठे जाणार? साठ लाख तर खर्चून झालेले असतात. उरतात ते दर विद्यार्थ्यामागचे दोन हजार, म्हणजे गृहपाठ तपासणारा, शंकेस उत्तर देणारा मनुष्य. तोच पहिल्याने कमी होतो.

येथवरचा हिशेब पुष्कळ लोक करतात व येथेच थांबतात. परंतु पालक मुलास दाखल होण्यासाठी पाठवीत नाहीत, पार पडण्यासाठी पाठवितात. कॉलेजातील साठांपैकी अठ्ठेचाळीस उत्तीर्ण झाले असे धरल्यास दर उत्तीर्णामागे खर्च पंचवीस हजार येतो. दूरस्थ अभ्यासक्रमातील सहा हजारांचा एकूण खर्च एक कोटी ऐंशी लाख झाला. त्यांतील निम्मे पार पडले तर दर उत्तीर्णामागे सहाच हजार. ही फार मोठी काटकसर झाली. परंतु दहांतून एकच पार पडला तर? तीस हजार! तीन हजारांचे शिक्षण तीस हजारांचे झाले, आणि कॉलेजाहून महाग पडले. शिवाय जे पाच हजार चारशे मध्येच सुटले त्यांची वर्षे गेली, ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत.

प्रत्यक्षात काय घडते? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा हिशेब लेस्ली वॅग्नर या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ सालीच करून पाहिला. इतर विद्यापीठांच्या मानाने दर विद्यार्थ्यामागचा चालू खर्च तेथे सुमारे चौथा हिस्सा येतो, असे त्यास आढळले. हे यश मोठे आहे. मात्र त्या विद्यापीठाने गृहपाठ तपासणारे मार्गदर्शक गावोगावी नेमले होते, ते काढून टाकले नव्हते.

उलट बाजू अलीकडची आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेने २०१२ साली विद्युत्-मंडलांचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर जगास विनामूल्य मोकळा केला. सुमारे एक लक्ष पंचावन्न हजार लोकांनी नावे नोंदविली, आणि प्रमाणपत्र मिळविणारे निघाले सात हजार एकशेसत्तावन्न, म्हणजे शंभरांत पाचांहूनही कमी. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या अशा अनेक अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षी नोंदणी करणाऱ्यांपैकी शेकडा तीनच शेवटास पोचलेले दिसले, आणि एकंदर नोंदणी करणाऱ्यांतील निम्म्याहून अधिकांनी पाठ उघडूनही पाहिला नव्हता. अर्थात नाव नोंदविणारा प्रत्येक जण परीक्षा देण्यासाठीच येतो असे नाही. कित्येक नुसते कुतूहलाने डोकावतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांतही त्या वर्षी निम्म्यांहून कमीच लोक पार पडले. (पैसे भरल्याने चिकाटी येते, की चिकाटी असलेलेच पैसे भरतात, हे सांगणे कठीण आहे. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.)

मग हे शिक्षण फसले म्हणावे काय? तसे नाही. त्याच देशातील जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ च्या जानेवारीत संगणकशास्त्राची उच्च पदवी ऑनलाइन देण्यास आरंभ केला. सबंध पदवीस सुमारे सात हजार डॉलर. कॉलेजात राहून शिकणाऱ्यास लागे त्याच्या मानाने हा खर्च अगदी थोडा. हा उपक्रम चांगला चालला. परंतु तेथे अर्ज करणारे कोण होते? सरासरी वय चौतीस. नोकरीत असलेले, एक पदवी आधीच पदरी असलेले लोक. आता याच्या शेजारी कॅलिफोर्नियातील सॅन होजे विद्यापीठाचा प्रयोग ठेवून पाहा. तेथे २०१३ साली एका खाजगी कंपनीच्या साह्याने गणिताचे व संख्याशास्त्राचे प्रारंभिक अभ्यासक्रम स्वस्तात ऑनलाइन देण्यात आले. विद्यार्थ्यांत गणितात आधी नापास झालेले व हायस्कुलातील गरीब मुलेही होती. पहिल्या सत्रात निम्म्याहून अधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले, आणि प्रयोग काही काळ थांबविण्यात आला. डेव्ह्राय या दुसऱ्या एका विद्यापीठात तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तके, एकास वर्गात व दुसऱ्यास ऑनलाइन, अशी तुलना करणे शक्य होते. तिचे निष्कर्ष २०१७ साली छापले गेले. ऑनलाइन शिकणाऱ्यांस गुण कमी पडले, आणि ज्यांचे गुण आधीपासून कमी होते त्यांचेच नुकसान सर्वांत अधिक झाले.

हे सगळे एकत्र ठेवले म्हणजे जे दिसते ते असे : ज्यास शिकावे कसे हे ठाऊक आहे त्यास ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडते, ज्यास ते अजून शिकावयाचे आहे त्यास ते महाग पडते. आणि शिकावे कसे हे सतराव्या वर्षी फारच थोड्यांस ठाऊक असते. दुर्दैव असे की, फी कमी म्हणून या मार्गाकडे ज्यांस ढकलले जाते ती बहुधा हीच मुले असतात.

खर्चाची दुसरी बाजू घराची. कॉलेज जेव्हा इमारत, बाके, दिवे, पंखे, वाचनालय व शांतता पुरविते, तेव्हा तो खर्च फीमध्ये दिसतो. घरबसल्या शिक्षणात तो नाहीसा होत नाही, आपल्या छपराखाली येतो. २०२० च्या मार्चपासून शाळा व कॉलेजे बंद झाली, तेव्हा हे आम्हा शिक्षकांस फार जवळून पाहावयास मिळाले. हजेरीत चाळीस नावे पडद्यावर उमटत, आणि प्रश्न विचारला तर आवाज एकाचाही येत नसे. कोणाचे वडील कामावर जाताना घरातला एकुलता फोन बरोबर नेत. त्या मुलाचा तास रात्री नऊनंतर सुरू होई. कोणाच्या घरी तिघा भावंडांत एक फोन, आणि तिघांचे तास एकाच वेळी. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, दुपारच्या वेळी, फोन तापून आपोआप बंद पडावा आणि मुलाने तो ओल्या फडक्यात गुंडाळावा, असेही प्रकार घडले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील दर शंभर घरांपैकी सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय आढळली होती आणि शहरांत बेचाळीस घरांत. संगणक तर खेड्यांत शंभरांत चार-पाच घरीच होता. त्यानंतर फोन पुष्कळ वाढले. पण घरात फोन असणे वेगळे, आणि मुलास तो रोज तीन तास, एका निवांत कोपऱ्यात, निर्वेधपणे मिळणे वेगळे. शिवाय ज्या फोनवर पाठ येतो त्याच फोनवर क्रिकेटही येते, हे कोणत्या पालकास सांगावयास पाहिजे?

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहिणे मला अवश्य वाटते. ‘घरबसल्या’ हा शब्द मुलग्याच्या बाबतीत क्वचितच उच्चारला जातो. दोन मुले असतील तर मुलग्यास नागपूरचे कॉलेज आणि मुलीस घरबसल्या पदवी, अशी वाटणी होताना मी अनेकदा पाहिली आहे. तिला दूरस्थ पदवीसाठी नाव घालून देतात, आणि मग सकाळचा स्वयंपाक, आजीची शुश्रूषा, धाकट्यांची शाळा ही सर्व कामे ‘घरीच तर आहे’ म्हणून तिच्याकडे येतात. फी वाचली असे वहीत दिसते. वाचलेल्या फीचा मोबदला ती मुलगी आपल्या वेळाने देत असते. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या स्त्रिया घरोघर जाऊन पडद्यातील बायकांस लिहावाचावयास शिकवीत. त्यास झनाना मिशन म्हणत. पुढे १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, आणि कॉलेजात येऊ न शकणाऱ्या स्त्रियांस घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा त्या विद्यापीठाने दिली. ही दोन्ही कामे थोर होती, कारण त्या काळी घराबाहेर पडण्याची वाटच नव्हती; जी स्त्री घरात कोंडलेली होती तिच्यापर्यंत विद्या नेणे हा त्यांचा हेतू होता. आज वाट आहे. जिला कॉलेजात जाता येते तिला घरी बसविण्यासाठी त्याच साधनाचा उपयोग करणे हा त्या हेतूचा विपर्यास होय.

याउलट, ज्यांस खरोखरच वाट नाही त्यांस हे शिक्षण वरदानासारखे आहे. दहावीनंतर दुकानात लागलेला तरुण, लग्नानंतर शिक्षण सुटलेली स्त्री, भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यात नोकरीवर असलेला शिपाई किंवा परिचारिका, यांनी कॉलेजासाठी नोकरी सोडावी असे कोण म्हणेल? त्यांच्यासाठी कॉलेजाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. बुडालेला पगार हाच त्यातील मोठा आकडा असतो, आणि तो हिशेबात धरला की दूरस्थ शिक्षण निःसंशय स्वस्त ठरते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने ज्यांची शाळाच अर्धी राहिली अशांसाठी पूर्वतयारीचा एक अभ्यासक्रम ठेवून पदवीचा मार्ग मोकळा केला, ही गोष्ट मोठ्या मनाची आहे. त्या विद्यापीठाच्या काटकसरीचे एक मर्मही पाहण्यासारखे आहे. त्याने गावोगावी नव्या इमारती बांधल्या नाहीत. चालू कॉलेजांतूनच अभ्यासकेंद्रे उघडली, आणि त्या कॉलेजांच्या रविवारी रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांत संपर्क-वर्ग भरविले. इमारत एकच, उपयोग दोन. पुस्तके मराठीत मिळतात हाही लाभ आहे, कारण इंग्रजीच्या भयाने अभ्यास सोडणारे कमी नाहीत. मात्र त्या रविवारच्या वर्गास जाणे सक्तीचे नाही म्हणून जे विद्यार्थी जातच नाहीत, ते फीमधील सर्वांत मौल्यवान वस्तू दुकानातच ठेवून येतात.

आणखी एक मार्ग आहे, आणि हायस्कुलातील मुलांस तोच मी अधिक सुचवितो : कॉलेज सोडू नये, त्यास ऑनलाइन पाठांची जोड द्यावी. देशातील आय.आय.टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांनी एन.पी.टी.ई.एल. या नावाने २००३ पासून आपल्या प्राध्यापकांची व्याख्याने मोकळी करण्याचे काम हाती घेतले. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. पाठ पाहण्यास पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यासच फी भरावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एखाद्या सत्रातील शेकडा चाळीसपर्यंत अभ्यास विद्यार्थ्यास ‘स्वयम्’वरून पुरा करता येतो, मात्र त्याच्या संस्थेने तशी मान्यता दिली पाहिजे. एखाद्या लहान गावच्या कॉलेजात जो विषय शिकविणारा कोणी नाही, तो अशा रीतीने शिकता येतो. आणि शंका विचारावयास गावातला प्राध्यापक असतोच. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली विदाशास्त्राची, म्हणजे डेटा सायन्सची, पदवी ऑनलाइन सुरू केली. तीत शिरण्यासाठी नेहमीची कठीण प्रवेशपरीक्षा नाही; काही आठवड्यांचा पात्रता-अभ्यास करून त्याची परीक्षा द्यावी लागते, घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत मिळते, आणि मुख्य परीक्षा नेमलेल्या केंद्रांवर समक्ष होतात. परीक्षा समक्ष घेण्याचा आग्रह तिने सोडला नाही, यातच तिच्या पदवीची पत आहे, असे माझे मत आहे.

नाव नोंदविण्यापूर्वी पालकांनी काही चौकशी अवश्य करावी. त्या संस्थेस व त्या विशिष्ट अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. दलालाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी या विषयांच्या पदव्या आयोगाच्या नियमांनुसार दूरस्थ वा ऑनलाइन रीतीने देता येत नाहीत. कोणी देऊ करीत असेल तर तेथूनच परतावे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरावी, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘ही पदवी चालत नाही’ हे शेजाऱ्यांचे म्हणणेही तितकेच खोटे. फी विचारताना वर्षाची न विचारता सबंध पदवीची विचारावी, आणि तीत परीक्षेची फी, पुस्तके व केंद्रापर्यंतचे जाणेयेणे मिळवावे. गृहपाठ कोण तपासतो व किती दिवसांनी परत येतो, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. तो अवश्य विचारावा.

कॉलेज किंवा दूरस्थ, असा एकच पर्याय निवडावा लागतो ही समजूतही आता जुनी झाली. आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यास अनुमती दिली आहे : एक कॉलेजात जाऊन व दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन. तसेच इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात प्रवेशाची सत्रे वर्षातून दोन असतात, जुलैची व जानेवारीची. निकालानंतरच्या धांदलीत, पंधरा दिवसांत, भीतीपोटी कोठेतरी नाव घालण्याचे कारण नाही. जुलै हुकला तर जानेवारीपर्यंतचे सहा महिने हाती असतात. त्या अवधीत मुलाने ‘स्वयम्’वरील एखादा विनामूल्य अभ्यासक्रम घरी, त्याच फोनवर, त्याच कोपऱ्यात बसून, कोणी न सांगता शेवटपर्यंत पुरा करून दाखवावा. तो पुरा होतो की नाही यावरून जानेवारीत कोणता अर्ज भरावयाचा हे पालकांस ठरविता येईल.